उमजपट्टी

अवनी मुळीक खोटारडी आहे, असं मंडळाने कळवलं तेव्हा मी नववीच्या प्रयोगवह्या तपासत बसले होते. शब्द अर्थात इतका उघड नव्हता. ‘सदर विद्यार्थिनीचे बोलणे व आकलन यांत वारंवार तीव्र विसंगती आढळत असल्याने निवासी विज्ञान विद्यालयासाठी झालेली तिची निवड पडताळणीपर्यंत स्थगित करण्यात येत आहे.’ सरकारी मराठीला मी बधत नाही. तिचं साधं मराठी केलं तर एवढंच उरतं, की पोरगी खोटं बोलते, तेव्हा तिची जागा काढून घ्या आणि यादीतल्या पुढच्या नावाला द्या. गुरुवारी पडताळणीला साहेब येणार होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या पोरीच्या तोंडून ‘नाही समजलं, परत सांगा’ यापलीकडे वर्षभरात मी काही ऐकलं नव्हतं, ती खोटं बोलणार कधी?

आमचं माळखिंडी विट्यापासून अर्ध्या तासावर. गावातली निम्मी घरं गलाईवाल्यांची. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करायचं, हा त्यांचा धंदा, आणि त्यापायी माणसं पार कोइम्बतूर, मदुराईपर्यंत पांगलेली. मुलं मात्र शिक्षणाला गावी, काका-काकूंकडे. अवनी त्यातलीच. आईवडील कोइम्बतूरला दुकानात, आणि ती इथे थोरल्या काकांच्या, आनंदराव मुळीकांच्या घरी. आनंदरावांची मुलगी स्वराली तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसायची. आणि मंडळाच्या यादीतलं ‘पुढचं नाव’ होतं तेही स्वरालीचंच.

आता पट्टीबद्दल सांगायला हवं.

कानामागे चिकटवायची ती बोटभर लांबीची पट्टी आमच्या शाळेत आली तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला होता. नाव ‘उमज’. तिच्यामागचं विज्ञान मात्र भलतं सुंदर आहे. तुम्हाला कुणी म्हणालं, ‘मी चहात साखर घातली, दूध घातलं आणि खिळे घातले’, तर ‘खिळे’ या शब्दापाशी तुमचा मेंदू दचकतो. तुम्हाला कळायच्याही आधी, अर्ध्या सेकंदाच्या आत, विजेची एक बारीकशी लाट उठते. ऐकलेलं आधीच्या माहितीत बसत नाही, अशी ती तक्रार असते. बसलं की लाट विरते. वर्गात काय होतं? मी एखादी नवी गोष्ट सांगते. ज्याला ती समजत नाही, त्याच्या डोक्यात तक्रारीच्या लाटा उठत राहतात. समजली की शांत. पट्टी या लाटा टिपते. प्रत्येक डोक्याची तऱ्हा वेगळी, म्हणून सहा महिने पट्टी नुसतीच ऐकते, त्या मुलाला ओळखायला शिकते, आणि मग माझ्या टेबलावरच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे दिवा लावते. समजलं तर हिरवा, नाही समजलं तर करडा.

तिसरा रंग लाल. माणूस मनात एक धरून तोंडाने दुसरं बोलतो तेव्हा मेंदूला जादा कष्ट पडतात. खरं उत्तर दाबायचं आणि दुसरं पुढे करायचं, अशी दुहेरी कामगिरी असते ती. पट्टीला ते कष्टही दिसतात. शब्द आणि मन यांचा मेळ बसला नाही की लाल, बसला तर हिरवाच. त्या लाल रंगाकडे मी कधी फारसं बघितलं नव्हतं.

सहा महिने संपले, दिवे लागले आणि मी गपगार झाले. कारण उत्तर द्यायला आमच्या वर्गात कुणी हात वर करत नाही. हात वर करणं म्हणजे पुढे-पुढे करणं. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन उत्तर देणं म्हणजे उद्धटपणा. ‘लई शहाणी हाईस’ ही आमच्याकडे शिवी आहे, आणि ती घरोघर मुलींना भात वाढता वाढता दिली जाते. इतकी वर्षं मी त्या खाली घातलेल्या माना बघून वैतागत होते, ठोकळे म्हणत होते. पट्टी लागली आणि शेवटच्या बाकापर्यंत हिरवे दिवे! ठोकळ्यांना सगळं कळत होतं. फक्त सांगायचं नव्हतं. मी त्या दिवशी मंडळाला, पट्टी बनवणाऱ्या कंपनीला, सगळ्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. अवनीचं नाव निवडीत आलं तेही पट्टीमुळेच. तिचा दिवा असा झटकन हिरवा व्हायचा, की माझं वाक्यही पुरं झालेलं नसायचं.

आणि तीच पट्टी आता तिला खोटारडी ठरवत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी डोळ्यांत तेल घालून बसले. विषय होता एकसमान वर्तुळाकार गती. मी सांगितलं, दगड दोरीला बांधून गरगर फिरवला, त्याची चाल जराही कमीजास्त झाली नाही, तरी त्याला त्वरण असतं. कारण वेग म्हणजे नुसती चाल नव्हे, दिशासुद्धा. आणि दिशा तर क्षणोक्षणी बदलतेय. भल्याभल्यांना इथे घाम फुटतो. पडद्यावर अवनीचा दिवा बघता बघता हिरवा झाला.

आणि तिने हात वर केला.

“बाई, मला नाही समजलं. परत सांगता का?”

लाल. टचकन लाल.

मी तिच्याकडे बघितलं. ती नेहमीसारखी बाकावरच्या ओरखड्याकडे बघत होती. मी परत सांगितलं, या वेळी गोफणीचं उदाहरण घेऊन. सांगता सांगता पडद्यावर नजर होतीच. अवनी हिरवी. अवनीच्या शेजारचा दिवा, इतका वेळ करडा होता तो, हळूहळू हिरवा झाला. स्वराली मुळीक.

तासाभरात असं आणखी दोनदा झालं. स्वराली करडी पडली की अवनीचा हात वर. “बाई, मला नाही समजलं.” स्वराली हिरवी झाली की अवनी गप्प. आणि स्वरालीची पेन्सिल झरझर चालू. त्या मुलीला पहिल्या फटक्यात कळत नाही, पण कळलं की पक्कं कळतं. दुसरा नंबर काय उगीच येत नाही.

मधल्या सुट्टीत मी अवनीला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

“स्वरालीसाठी विचारतेस ना?”

तिचा चेहराच उतरला. हातातली बाटली तिने छातीशी धरली.

“चुकलं बाई.”

“चुकलं काय? मी रागावलेय का? ती स्वतः का नाही विचारत?”

“तिला न्हाई जमत.” बाटलीचं झाकण फिरवत ती म्हणाली, “काका सगळ्यांना सांगत असत्यात, आमची स्वराली कधी अडत न्हाई. पारावर, दुकानात, पाव्हण्यांत. ती अडली तर पोरं हसत्यात, आन् सांच्याला काकांच्या कानावर जातंय. माझं काय बाई? माझं आईवडील इथं न्हाईत. मला कोण हसलं तर कुणाला लागतंय?”

हे तिने अगदी सहज सांगितलं.

“अगं पण तुझी जागा जातेय. कळतंय का? साहेबांना एवढं खरं सांगितलंस की सुटलीस.”

“न्हाई बाई!” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “काकूंनी मला पहिलीपास्नं सांभाळलंय. त्यांच्या लेकीला उघडं पाडून मी जाऊ? तुम्ही कुणाला सांगू नगा. शपथ घ्या… न्हाई, शपथ नगं. नुसता शबुद द्या.”

मी शब्द दिला. काय करणार? असं लेकरू समोर उभं असताना दुसरं काही सुचत नाही.

“मग साहेबांपुढे काय बोलशील?”

“तुम्ही सांगशिला ते.”

आणि इथे मी घोटाळा केला. आपल्याकडे लहानाने मोठ्यासमोर जे करायचं तेच मी तिला शिकवलं. “गेल्या गेल्या ‘चुकलं’ म्हण. ‘पुन्हा होणार नाही’ म्हण. वाद घालू नकोस. मान खाली घालून चुकलं म्हटल्यावर मोठा माणूस फार ताणत नाही.” खरंच नाही ताणत. मी नाही ताणत, आमचे मुख्याध्यापक बागवान सर नाही ताणत, पोलीससुद्धा नाही ताणत. रोज कानामागे पट्टी लावून शिकवणाऱ्या मला एवढं सुचू नये, की ज्याच्यासमोर ती हे म्हणणार त्याच्या हातात तिच्या मनाचा दिवा असणार आहे.

गुरुवारी मंडळाचे साहेब, मिहीर शहाणे, आले. पुण्याचा, तिशीचा मुलगा, बोलायला मऊ. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्याने आल्या आल्या अवनीला बसायला खुर्ची दिली, तेव्हा माझी थोडी पंचाईत झाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. इम्तियाज बागवान सर, मी, अवनी, आणि तिचे इथले पालक म्हणून आनंदराव. धोतराला इस्त्री, हातात टोपी. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर आमची नावं. शहाणे म्हणाले, पडताळणीत पट्टीधारकांनी पट्टी लावूनच बोलायचं, म्हणजे कुणावर अन्याय नको. त्यांच्या स्वतःच्या कानामागेही होती. नव्हती ती एकट्या आनंदरावांना; त्यांना ओळखायला पट्टीला सहा महिने लागले असते.

“साहेब, आपण एवढ्या लांब आलात, फार आनंद झाला,” बागवान सर म्हणाले.

पडद्यावर बागवान सर लाल.

सर खोकले. शहाणे हसले. “असू दे सर. औपचारिक बोलणं आम्ही धरत नाही.” मग ते अवनीकडे वळले. “अवनी, घाबरू नकोस. तुला सगळं समजलेलं असताना तू ‘नाही समजलं’ म्हणतेस. वर्षभरात पुष्कळ वेळा. असं का?”

अवनी उठून उभी राहिली. मान खाली. मी शिकवलेलं तिने शब्दन् शब्द म्हटलं.

“चुकलं सर. पुन्हा होणार नाही.”

लाल.

शहाण्यांच्या चेहऱ्यावरचा मऊपणा जाऊन तिथे काळजी आली, आणि ते मला रागापेक्षा वाईट वाटलं.

“अवनी, तुला खरंच वाटतं का, तुझं चुकलं?”

“हो सर.”

लाल.

“म्हणजे माफीही खरी नाही,” ते हळूच म्हणाले, आणि समोरच्या यंत्रात काहीतरी नोंदवलं.

मी पुढे झाले. “अहो साहेब, बागवान सरांचा आनंद तुम्ही सोडून दिलात. तसंच हे. आमच्याकडे मोठ्यांपुढे असं म्हणतातच.”

“बाई, स्वागत औपचारिक असतं. माफी नसते.”

“आमच्याकडे माफीच सगळ्यात औपचारिक असते! चूक कबूल करायला नाही म्हणत आम्ही चुकलं. तुम्ही मोठे, मी तुमच्याशी वाद घालत नाही, एवढंच म्हणायचं असतं त्याने.”

माझ्या नावापुढे हिरवा. शहाण्यांनी तो बघितला, विचारात पडले. मला वाटलं, जिंकलं. पण माणूस हुशार होता. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“ठीक. माफीचं सोडू. पण मूळ प्रश्न राहतोच. ती वर्गात ‘नाही समजलं’ का म्हणते? तुम्हाला कारण माहीत आहे का, बाई?”

अवनीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिला शब्द दिला होता.

“नाही,” मी म्हणाले.

पडदा बघायची मला गरज नव्हती. आनंदरावांच्या डोळ्यांत तो लाल रंग मला दिसला. शाळेतली बाई गावातल्या माणसासमोर खोटी पडली, आणि तीही पोरीच्या देखत. कान तापले माझे. बागवान सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

“तुम्हाला माहीत आहे,” शहाणे म्हणाले. “मग सांगा ना. मला हिची निवड रद्द करण्यात काडीचाही रस नाही. पण आज रात्रीपर्यंत मला एक कारण तरी वर पाठवायला हवं. कारण नसेल तर यंत्र आपोआप पुढचं नाव घेतं. ते माझ्या हातात नाही.”

ते म्हणाले त्यापुढे त्यांचाही दिवा हिरवा होता. खोटं बोलणारी त्या खोलीत मीच. सांगावं का? सांगितलं तर मुलीचं आयुष्य मार्गी लागतं. शब्द काय, मोडता येतो. मी तोंड उघडलंच होतं.

“मला जायचंच न्हाई,” अवनी म्हणाली.

“काय?”

“मला त्या शाळेत जायचं न्हाई सर. मला इथंच आवडतंय. ती जागा स्वरालीला द्या.”

लाल. आजवर कधी राहिला नव्हता इतका वेळ तो लागून राहिला.

आनंदराव मुळीक आतापर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. पोरीच्या अभ्यासातलं आपल्याला काय कळतंय, अशा बेताने ते खुर्चीच्या टोकावर बसले होते. आता त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

“सायेब, लाल म्हंजी खोटं, न्हवं का?”

“म्हणजे… बोलणं आणि मन जुळत नाही.”

“तेच ते. म्हंजी पोरीला जायाचंय.”

“हो.”

“आन् तरीबी म्हणतीया स्वरालीला द्या.” ते अवनीकडे बघत राहिले. टोपी या हातातून त्या हातात गेली. “तुझ्या मैत्रिणी हाईत, त्या पाटलाची पोर हाय. तिचं न्हाई नाव घेतलंस. आमच्या स्वरालीचंच का?”

“काका, यादीत तिचं नाव—”

“यादी मला नगं सांगू. वर्गात कुणासाठी इचारतीस तू?”

अवनीने माझ्याकडे बघितलं. आनंदराव काही खुळे नव्हते. तीस वर्षं भट्टीपुढे बसून जुन्या डाग-दागिन्यातलं सोनं किती हे ओळखलेला माणूस. त्यांचा चेहरा आमच्या डोळ्यांदेखत बदलला.

“घरीबी अशीच करती,” ते आमच्यापैकी कुणाशीच न बोलता म्हणाले. “सांच्याला दोघी अभ्यासाला बसत्यात. वरच्या आळीचा मास्तर येतो शिकवाया. हीच धा धा येळा इचारती, परत सांगा, परत सांगा. आन् मी भाईर बसून चार माणसांत म्हणतो, आमची स्वराली कधी अडत न्हाई, आमच्या धाकट्या दत्ताची पोर जरा मंद हाय.” त्यांनी घसा साफ केला. “मंद म्हणतो मी हिला. हिच्या देखत म्हणतो.”

अवनी रडायला लागली. आवाज न करता, उभ्या उभ्या.

शहाणे पुढे सरकले. “काका, तुम्ही म्हणताय तसं असेल तर ते सिद्ध करणं सोपं आहे. स्वरालीचे दिवे आणि हिचे दिवे शेजारी शेजारी लावले की झालं. दुसऱ्या मुलीची नोंद तिच्या पालकांच्या परवानगीशिवाय मला उघडता येत नाही. पालक तुम्हीच आहात. हो म्हणा.”

“मग माझ्या पोरीचं सगळं दिसंल? कुठं कुठं अडली ते?”

“मंडळाला दिसेल. हो.”

“उघडा.”

“नाही!”

हे अवनी बोलली. मान वर, डोळे थेट काकांच्या डोळ्यांत. मी त्या मुलीला वर्षभर शिकवलं, पण तिच्या डोळ्यांचा रंग मला त्या दिवशी कळला. “काका, उघडू नगा. तुम्ही म्हणला तरी न्हाई. तिला कायम वाटत राहील, तिच्या पायी झालं. मी न्हाई उघडू देणार.”

हिरवा. लख्ख हिरवा. आनंदरावांच्या घरात आजवर कुठल्या पोराने त्यांना असा नकार दिला नसेल. मला वाटलं, आता हा माणूस हात उगारतो की काय. त्यांनी नुसती टोपी डोक्यावर घातली, सारखी केली, आणि ते उठून शहाण्यांच्या समोर उभे राहिले.

“पोर नगं म्हणती, तवा यंत्र राहू द्या. मी तोंडी सांगतो, ते ल्ह्या. माझी पोरगी अडती. मला ठावं हाय, लई दिवसापास्नं ठावं हाय, मी कबूल करत न्हवतो. ही तिच्यासाठी इचारती. झालं कारण?”

शहाण्यांनी त्यांच्या कानामागे बघितलं. तिथे काही नव्हतं.

“काका, राग मानू नका. पण तुमच्याकडे पट्टी नाही. हे खरं आहे असं मी कशावरून मानू?”

“माणसाचं मानत्यात तसं माना,” आनंदराव म्हणाले.

शहाणे त्यांच्याकडे बघत होते. या माणसाने आत्ताच आपल्या लेकीच्या हातातली जागा घालवली होती, आणि चारचौघांत मिरवलेली फुशारकी गिळली होती. त्याला ते किती जड गेलं, हे दाखवायला दिवा लागत नव्हता. शहाण्यांनी यंत्र जवळ ओढलं आणि टाइप करायला घेतलं. मला दिसलं ते एवढंच : पालकांचे निवेदन ग्राह्य.

अवनीची जागा राहिली. जूनमध्ये तिला सोडायला कोइम्बतूरहून तिचे आईवडील आले, आणि आनंदराव स्वतः गाडीत बसून गेले. स्वरालीला घरी कुणी काय सांगितलं, मला माहीत नाही. निरोपाच्या दिवशी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, एवढं मी बघितलं आणि निर्धास्त झाले. मुलं दहावीत आली. वर्ग माझ्याकडेच राहिला.

जुलैत शहाण्यांचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

“बाई, तुमच्या अवनीमुळे मोठं काम झालं. मी तिचं प्रकरण वर लावून धरलं. आपली मुलं एकमेकांसाठी प्रश्न विचारतात, आणि आपण त्याला खोटं म्हणत होतो! आता त्याला लाल मिळणार नाही. उलट गुण मिळणार. ‘सहाध्यायी सहाय्य’ असा नवा रकानाच केलाय. निवडीत धरणार.”

“कसं मोजणार?”

“अगदी सोपं. शेजाऱ्याला समजलं नसेल तर मुलाने हात वर करून त्याचं नाव सांगायचं. त्याचा दिवा करडा असला की सांगणाऱ्याला गुण.”

“नाव सांगायचं?” मी म्हणाले. “वर्गात? सगळ्यांसमोर?”

“त्याशिवाय पडताळणार कसं, बाई?”

मी त्यांच्याशी भांडले. खूप भांडले. ते पोरगं वाईट नव्हतं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, सूचना वर कळवतो म्हणाला. पुढच्या सोमवारी पट्ट्यांमध्ये नवी आवृत्ती आपोआप उतरली. मुलांना माझ्याआधी कळलं होतं.

मंगळवारी मी भिंगं शिकवायला घेतली. बहिर्गोल भिंग, वस्तू नाभीच्या आत ठेवली की प्रतिमा कुठे मिळते. फळ्यावर किरण काढले, मागे वाढवले, जिथे काहीच नाही तिथे एक मोठी प्रतिमा दाखवली आणि वर्गाकडे वळले. पडद्यावर बरेच दिवे हिरवे होते. स्वराली करडी होती. तिच्या शेजारची जागा रिकामी. ती नेहमीसारखी मान खाली घालून वहीत बघत होती, आणि मला तिच्या कपाळावरची आठी दिसत होती. एक मिनिट दिलं असतं, दुसऱ्या तऱ्हेने एकदा सांगितलं असतं, तर तिला कळणार होतं. मी खडू उचलला.

तेवढ्यात हात वर झाले. पुढच्या बाकावरून, मागच्या बाकावरून, खिडकीपासून. अवनी सोडली तर ज्या वर्गाने माझ्यापुढे कधी हात वर केला नव्हता, त्यातला निम्मा वर्ग हात वर करून, एकमेकांच्या आधी माझी नजर पकडायला धडपडत, माझ्या डोळ्यांत बघत होता.

“बाई, स्वरालीला नाही समजलं!”

“बाई, मी आधी! स्वराली मुळीक!”

“बाई, स्वरालीला!”

तिने डोकं बाकावर टेकवलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले. माझ्या हातातला खडू खाली पडला. मी हात खाली करायला ओरडले की नुसती उभी राहिले, ते मला आता आठवत नाही. रडू आलं होतं, एवढं आठवतं. आणि पडदा आठवतो. हात वर केलेल्या एकूण एक मुलाच्या नावापुढे दिवा हिरवा होता. एकही जण खोटं बोलत नव्हता.